मरळेची लेकरं

वाचकहो, तुमच्या गावच्या तलावात, बोडीत किंवा जुन्या विहिरीत मरळ आहे का, ते आधी आठवून बघा. असेल, तर पुढच्या पावसाळ्यात, रोवणी आटोपून हात जरा मोकळे झाले की, सकाळच्या उन्हात काठावर जाऊन उभे राहा. गवत आणि कमळाची पाने जिथे विरळ झाली आहेत तिथे पाणी स्थिर असताना एकाएकी मुठीएवढी जागा उकळल्यासारखी दिसेल. पाऊस नसताना पावसाचे थेंब पडावेत तशी. नीट पाहिलेत तर तिथे तांबड्या-नारिंगी रंगाचा, बारीक बारीक जिवांचा एक गोळा हलताना दिसेल. ती मरळेची पिल्ले. आणि त्या गोळ्याच्या खाली, तुम्हाला दिसणार नाही अशा अंधारात, हातभर लांबीचे एक जनावर उभे असते. मला आज तुम्हाला त्याच्याबद्दल सांगायचे आहे. थोडे माझ्याबद्दलही सांगावे लागेल, कारण त्या जनावराचे मी एक देणे लागतो.

आमचे गाव भंडारा जिल्ह्यातले. आमच्याकडे, आणि १९९९ साली आमच्यातून वेगळा झालेला गोंदिया, शिवाय चंद्रपूर आणि गडचिरोली या भागांत, गावोगाव तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी हे तलाव बांधले. पुढे मालगुजारांच्या हाती गेले म्हणून त्यांना मालगुजारी तलाव म्हणतात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले, नाव मात्र तेच राहिले. पाळीखाली धानाच्या बांध्या आणि शेतात ज्याच्या त्याच्या लहान बोड्या. पावसाळ्यात हे सगळे पाणी एकमेकांना मिळते. तलावातला मासा नाल्याने बोडीत येतो, बोडीतला बांधीत चढतो, आणि पाणी ओसरू लागले की परत फिरतो. जो फिरत नाही तो बगळ्याच्या पोटात जातो.

मरळ ही या सगळ्या पाण्याची वाघीण. तिच्या जाती पुष्कळ आहेत. आपल्या तलावांत नेहमी सापडते ती अंगावर पट्टे असलेली मरळ. नदीच्या डोहात आणि मोठ्या धरणात राहते ती फुलमरळ. तिच्या शेपटीच्या मुळाशी काळा, पांढऱ्या कडेचा डोळा असतो आणि ती हात-सव्वा हातापेक्षाही वाढते. अंगावर ठिपके असलेली एक लहान जात गढूळ, साचल्या पाण्यातही सुखाने राहते. आणि सह्याद्रीच्या बाजूला ओढ्यांत, दगडांच्या कपारींत राहते ती वीतभर लांबीची डोक. तिच्यातला बाप अंडी आणि पिल्ले स्वतःच्या तोंडात सांभाळतो. तेवढे दिवस तोंड मिटून बसायचे. आपल्यापैकी किती जणांना जमेल, ते ज्याचे त्याने ठरवावे.

या सगळ्यांचे डोके सापासारखे चपटे, वरून खवल्यांनी मढलेले. तोंड मोठे आणि आत दात. बेडूक, बेडकाची पिल्ले, लहान मासे, पाण्यावर पडलेला किडा, जे हलेल ते त्यांचे. भूक लागली तर स्वतःच्या जातीचे लहानही सोडत नाहीत. पण मरळ पाण्यात पळत सुटत नाही. ती गवताच्या कडेला लाकडासारखी पडून राहते आणि भक्ष्य टप्प्यात आले की एकदाच उडी घेते. म्हणून तिला गवत लागते, पाण्यातल्या वनस्पती लागतात. तलाव घासूनपुसून ताटासारखा केला, तर मरळेचे त्यात काही काम उरत नाही.

आणि तिचे दुसरे वैशिष्ट्य तुम्हाला ठाऊक असेलच. ती हवेतला श्वास घेते. कल्ल्यांच्या वर तिला एक पोकळी असते, तिच्यात ती वरची हवा भरून घेते. पाण्यात हवा कमी असली तरी तिचे अडत नाही. उलट तिला वर येऊच दिले नाही तर ती पाण्यात बुडून मरते. मासा बुडून मरतो म्हटले तर शहरातले लोक हसतात, पण ते खरे आहे. म्हणूनच बाजारात ती टोपलीत ओल्या फडक्याखाली दिवसभर जिवंत राहते आणि रोहू-कटल्यापेक्षा चढा भाव घेते. पावसात एका बोडीतून दुसऱ्या बोडीत ओल्या जमिनीवरून सरपटत जाते. आणि उन्हाळ्यात तलाव आटला की चिखलात शिरून बसते.

मी लहान असताना वैशाखात तलावातला गाळ बैलगाडीने बांध्यांत नेत असू. वर जमीन भेगाळलेली, खाली ओल. एकदा बाबांची कुदळ ढेकळात बसली आणि ढेकूळच हलले. फोडले तर आत मरळ, चिखलाने माखलेली, डोळे उघडे. बाबांनी ती उचलून पाण्याच्या बादलीत टाकली. ती थोडा वेळ तशीच पडली आणि मग अशी उसळली की बादली आडवी झाली. गाडीवरचे सगळे हसले. संध्याकाळी ती आमच्या ताटात होती, हेही सांगून टाकतो. आम्ही काही साधुसंत नव्हतो.

आता माझी गोष्ट.

साल १९७४. मी बारा वर्षांचा. त्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस ती अंथरुणावर होती. ताप उतरला तेव्हा ताई काडीसारखी झाली होती, आणि तिला अन्नाची वासनाच राहिली नव्हती. माय रोज पेज करायची आणि ती रोज तोंड फिरवायची. आमच्याकडे बाळंतिणीला आणि दुखण्यातून उठलेल्याला मरळ द्यायची पद्धत आहे. आजी म्हणाली, "पोरीले मरळीचा रस्सा द्या, तोंडाले चव येईल."

मरळ मागायची तर ढीवर मोहल्ल्यात. पण त्या वर्षी आमच्या घराचे आणि ढिवरांचे बोलणे बंद होते. आमच्या दोन म्हशी तलावात उतरून त्यांच्या शिंगाड्याच्या वेलांत शिरल्या होत्या, अर्धा तुकडा तुडवला गेला होता, आणि बाबांनी भरपाई द्यायला नकार दिला होता. बाबांचे म्हणणे, तलाव सगळ्यांचा आहे. ढिवरांचे म्हणणे, पाणी सगळ्यांचे आहे, वेल आमचे आहेत. खरे कोणाचे ते तेव्हाही सगळ्यांना कळत होते.

म्हणून मी गरी घेऊन स्वतःच गेलो. बेडकाचे पिल्लू आकड्याला लावून तीन दिवस गवताच्या कडेने फिरवले. एकही लागली नाही. चौथ्या दिवशी सकाळी कमळाच्या पानांमध्ये मला तो तांबडा गोळा दिसला.

गोळा दिसला की खाली राखण असते, आणि राखण करणारी मरळ पोट भरण्यासाठी नाही, तर रागाने गरीवर येते, हे प्रत्येक पोराला ठाऊक होते. तसे करायचे नसते, हेही ठाऊक होते. मी इकडेतिकडे पाहिले. पाळीवर कोणी नव्हते. आकडा गोळ्याच्या मधोमध सोडला. मी श्वास घेण्याच्या आत पाणी फुटले आणि काठी हातातून निसटता निसटता राहिली.

दीड किलोची तरी असेल. मायने तिखट कमी घालून पातळ रस्सा केला. ताईने भाताबरोबर दोन वाट्या घेतला, आणि कितीतरी दिवसांनी तिने पुन्हा मागितला. त्या रात्री घरात सगळे हलक्या मनाने झोपले. मीसुद्धा. खोटे कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ढिवरांचे मोठेबाबा आमच्या ओट्यापाशी आले. गावातले लहानथोर त्यांना मोठेबाबाच म्हणत. ते ओट्यावर चढले नाहीत, खालीच उभे राहिले. बाबा शेतावर होते. मला वाटले, आता मार मिळणार. ते म्हणाले, "चाल, तुले काही दाखवतो."

तलावावर आम्ही दोघे बसलो. गोळा तिथेच होता, पण तो गोळा राहिला नव्हता. पसरला होता, गवताच्या काड्यांना चिकटल्यासारखा, तुकड्या-तुकड्यांनी. मध्येच पाण्यात चुबुक आवाज होई आणि एक तुकडी नाहीशी होई. थोड्या अंतरावर दोन पाणकावळे बुडी मारत होते.

"कायले काढलीस बाबू तिले? खाली पोरं होते ना."

मी ताईचे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बहिणीसाठी काढलीस, ते ठीक केलंस. पण मले सांगायचं होतं. दुसरी दिली असती."

"तुमचं-आमचं बोलणं नाही ना," मी म्हणालो.

"मोठ्यांचं नाही. तुझं-माझं कधी बंद झालं?"

वाचकहो, मला पुढे आयुष्यात पुष्कळ लोक रागावले, काहींनी मारलेही. त्यातले फारसे काही आठवत नाही. हे वाक्य आठवते. तिसऱ्या दिवशी मी एकटाच तलावावर गेलो. एकही पिल्लू दिसले नाही. मी घरी येऊन मायला सगळे सांगितले. माय काही बोलली नाही. तिने दोन पायल्या तांदूळ फडक्यात बांधले आणि बाबांना न विचारता माझ्या हाताने मोठेबाबांच्या घरी पाठवले. बाबांना ते कळले असणार, कारण आमच्या घरात कणगीतले काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. त्यांनी विचारले मात्र नाही.

मरळेच्या संसाराची माहिती मला पुढे वाचून मिळाली. नर-मादी मिळून गवत तोडून बाजूला सारतात आणि मध्ये ताटलीएवढी मोकळी जागा करतात. तिथे अंडी पाण्यावर तरंगतात, पिवळसर, तेलाच्या थेंबासारखी. त्यांच्यात खरेच तेलाचा थेंब असतो म्हणून ती बुडत नाहीत. पाणी उबदार असेल तर दीड-दोन दिवसांत पिल्ले बाहेर येतात. मग सुमारे महिनाभर, पिल्लांचा तांबडा रंग जाऊन ती मातकट होईपर्यंत आणि आपापल्या वाटेला लागेपर्यंत राखण चालते. राखण दोघेही करतात, पण अंड्यांजवळ आणि पिल्लांजवळ जास्त करून नर असतो. म्हणजे ज्या मरळेला आम्ही गावभर 'माय' म्हणत होतो, ती बहुधा बाप होती. हे वाचले तेव्हा मी दोन लेकरांचा बाप झालो होतो.

आता या गोष्टीची दुसरी बाजू, कारण मरळेचे नुसते गोडवे गायले तर मासे पाळणारे वाचक मला पत्रे लिहितील.

२०१६ साली माझ्या थोरल्या मुलाने आमची अर्ध्या एकराची बोडी खोल करून घेतली. त्याला कटला, रोहू आणि मृगळ यांचे बीज टाकायचे होते. शिबिरात त्याला शिकवले होते की बीज सोडण्याआधी बोडीतले शिकारी मासे काढून टाकावेत. त्यासाठी मोहाची पेंड, हेक्टरी अडीच हजार किलो. आमच्या बोडीला पाच क्विंटल. पेंडेतल्या विषाने मासे काही तासांत वर येतात, पंधरा-वीस दिवसांत पाण्यातला विषाचा अंश जातो आणि पेंडेचे खत होते. उपाय चांगला आहे, शास्त्राचा आहे. पण मी अडून बसलो. म्हटले, पेंड टाकायची नाही. पाणी उपसू, हाताने मरळी धरू आणि गावतलावात नेऊन सोडू.

दोन दिवस इंजिन चालवले. चौदा मरळी धरल्या आणि ड्रममध्ये भरून तलावात सोडल्या. मला फार बरे वाटले. चिखलात किती राहिल्या, ते मी मोजले नाही. ज्याने लहानपणी ढेकळातून मरळ निघताना पाहिली, त्याला हे सुचू नये!

मृगाचा पाऊस झाला, बोडी भरली, मुलाने हजार बोटुकली सोडली. ती बोटाच्या पेराएवढीच होती, स्वस्त मिळाली म्हणून. मार्चमध्ये जाळे ओढले तेव्हा दोनशे दहा मासे निघाले आणि सात मरळी, गुबगुबीत. मुलाने जाळे गुंडाळले आणि काही न बोलता घरी गेला. बीज, कोंडा, पेंड, मजुरी, सगळे त्याच्या बायकोच्या बचत गटाच्या कर्जातून आलेले होते. तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. कर्जाचे दोन हप्ते मी धान विकून भरले. पुढच्या वर्षी त्याने मोहाची पेंड टाकली. त्या दिवशी मी ताईच्या गावी निघून गेलो. आता तो बीज वीतभर वाढवून मगच सोडतो. तेवढ्या आकाराचे बीज लहान मरळेच्या तोंडात मावत नाही. हा धडा ज्यांना घ्यायचा त्यांनी फुकट घ्यावा. आम्हाला तो बराच महाग पडला.

ताईला मी अमेरिकेतली एक गोष्ट सांगितली, तीही तुम्हाला सांगतो. मेरीलँड राज्यात क्रॉफ्टन गावाजवळच्या एका तळ्यात २००२ साली मरळेची चीनकडची एक जात सापडली. त्या देशात ती नव्हतीच. सापडल्यावर एकच हाहाकार झाला. आपले सगळे मासे ही खाऊन टाकील म्हणून सरकारने त्या तळ्यात विष घातले आणि जिवंत मरळ देशात आणायला बंदी केली. तरी २००४ साली ती पोटोमॅक नदीत सापडली, आणि आजही आहे. तळ्यात ती आली कशी, याचा शोध घेतला तेव्हा कळले की हाँगकाँगकडून आलेल्या एका माणसाने आजारी बहिणीला रस्सा करून द्यायला न्यूयॉर्कच्या बाजारातून दोन जिवंत मासे मागवले होते. ते येईपर्यंत बहीण बरी झाली. मारवेना म्हणून त्याने ते काही दिवस पाळले आणि मग तळ्यात सोडून दिले. ताई ऐकून म्हणाली, "बहीण बरी झाली ना? मग झालं."

तिकडे ती उपरी, म्हणून नको. पण आपल्याकडे ती घरची आहे. तेलंगणाने तर तिला राज्याचा मासा ठरवले आहे. केरळात २०१८ च्या महापुरानंतर जमिनीखालच्या पाण्यात राहणारी तिची एक दूरची भाऊबंद भातशेतात वर आलेली सापडली, आणि २०१९ साली तिला नाव मिळाले. आपल्या पायाखालच्या पाण्यात काय काय आहे ते आपल्याला अजून पुरते ठाऊक नाही. उपरे मासे आपल्याकडेही आले. तिलापिया १९५२ साली आणला गेला आणि तलावोतलावी पसरला. आफ्रिकेचा मांगूर, ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात, त्याच्या पाळण्यावर २००० साली बंदी आली, तरी तो चोरून पाळला जातो. कोणी स्वस्त बीज म्हणून देऊ लागला तर घेऊ नका; आपला देशी मांगूर वेगळा.

आमच्या तलावात आता मरळ पूर्वीसारखी नाही. काठाने बेशरमाचे रान माजले, त्यात देवधान आणि कमळ मागे हटले. बांध्यांत दाणेदार औषध टाकले की पावसाच्या पाण्याबरोबर ते खाली उतरते, आणि वर चढलेला मासा तिथेच उलटा होतो. काही गावांतल्या ढीवर मंडळींनी बेशरम उपटून पाण्यातल्या जुन्या वनस्पती हाताने लावल्या, आणि तिथे मासा परतला. आमच्या गावात अजून नुसत्या बैठका होतात. मोठेबाबा असते तर बैठक घेतली नसती, पाण्यात उतरले असते.

गेल्या श्रावणात एके सकाळी मुलाने मला बोडीवर बोलावले. जाळे खांद्यावर होते, तिलापिया काढायला तो आला होता. बाभळीखालच्या कोपऱ्यात, गवतात, तांबडा गोळा होता. पेंड टाकून सगळे साफ केल्यावर इतक्या वर्षांनी कोणीतरी नाल्याने चढून पुन्हा घर केले होते. नातू काठावर उकिडवा बसून बघत होता आणि दर थोड्या वेळाने हात पाण्याकडे नेत होता.

"बाबा, काय करायचं? बीज तर आता वीतभराचं आहे," मुलगा म्हणाला.

मी काहीच बोललो नाही. बोडी त्याची, कर्जही त्याचे. नातवाने विचारले, "आबाजी, यांची माय कुठं आहे?" मी म्हणालो, "माय नाही रे, बाप. खाली उभा आहे. हात काढ."

मुलाने जाळे बाभळीच्या फांदीवर टाकले आणि आमच्याजवळ येऊन बसला. आम्ही तिघे बराच वेळ बसलो होतो. मग ऊन चढले, आणि गोळा गवतात सरकला.